आवडणारं काम आणि मानवणारं काम

काम शोधणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी विचारतात, ‘तुला आवड कशात आहे?’ उत्तर बहुतेक वेळा एका नामात येतं: प्राणी, सिनेमा, अंतराळ, लहान मुलं, पुस्तकं. इथेच घोडं पेंड खातं. नोकरीचा दिवस क्रियापदांचा बनलेला असतो. प्राणी आवडतात म्हणून पशुवैद्यक झालेल्याच्या दिवसात जनावर धरून ठेवणं, सुई टोचणं, घाबरलेल्या मालकाला समजावणं, उपचाराचा खर्च सांगणं, नोंदी लिहिणं आणि कधी असाध्य दुखण्यातल्या प्राण्याला शांत मरण देणं, हे सगळं येतं. कुरवाळण्याच्या वाट्याला त्यातली किती मिनिटं येतात ते मोजून पाहावं. उलट ‘विमान’ या एकाच नामाखाली उडवणं, इंजिन उघडून दुरुस्त करणं, आकाशातली रहदारी सांभाळणं, तिकिटांचे दर ठरवणं, अपघाताचं कारण शोधणं अशी इतकी निरनिराळी कामं आहेत, की त्यातलं एक ज्याला जमलं त्याला दुसरं आठ दिवसही सोसणार नाही.

यासाठी मराठीत ‘मानवणं’ हा नेमका शब्द आहे. एखाद्या ठिकाणची हवा आवडते, पण मानवत नाही. कामाचंही तसंच. आवड चटकन कळते. मानवतं की नाही, हे काम थोडं अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. पुढे लिहिलेली पद्धत आम्ही स्वतः करून पाहिलेली आहे आणि इतरांच्या वह्या समोर ठेवून त्यांच्याबरोबरही केली आहे. आठवड्याला पाच-सहा तास दिले तर तिला साधारण चार महिने लागतात. हातातलं काम सोडून ती करू नये. सोडून केली की घाई होते, आणि घाईत जे पहिलं हाती लागेल तेच आपल्यासाठी बनलंय असं वाटायला लागतं.

सुरुवात वहीपासून. सलग १४ दिवस, दिवसाला तीन नोंदी. प्रत्येक नोंदीला पाच रकाने: काय करत होतो (क्रियापदात), किती वेळ, कोणाबरोबर, कामाची गती कोण ठरवत होतं, आणि शेवटी उणे २ ते अधिक २ असा एक आकडा. हा आकडा मजा किती आली याचा नाही. काम संपल्यावर अंगात जोर उरला होता की गळून गेला होता, याचा आहे. एखादं काम करताना कपाळाला आठ्या असतात आणि संपल्यावर माणूस ताजा असतो. एखादी बैठक हसतखेळत होते आणि उठल्यावर काही सुचत नाही. हा फरक टिपण्यासाठीच वही आहे.

पहिले तीन-चार दिवस नोंदी हमखास बिघडतात. माणूस ‘ऑफिसचं काम, उणे १’ असं लिहितो. यातून काहीच हाती लागत नाही. ‘तीन जणांकडून आलेले आकडे एका तक्त्यात बसवले, दोन जुळले नाहीत, ते फोन करून शोधले’ असं लिहिलं की त्यात तीन वेगळी क्रियापदं दिसतात, आणि पुष्कळदा एकाला अधिक आणि दुसऱ्याला उणे द्यावं लागतं. दुसरी चूक रात्री एकदम लिहिण्याची. तोवर दिवसाचा शेवट कसा गेला त्याचा रंग सगळ्या दिवसाला चढलेला असतो. तीन वेळा वही उघडणं जमतच नसेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाचे सिनेमातल्या प्रसंगांसारखे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे आठवून लिहावा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लोकांच्या दिवसाची मोजदाद करण्यासाठी हीच रीत मांडली होती. तिसरी चूक जरा लपलेली असते: आपण जसं असावं असं वाटतं तसा आकडा लिहिणं. ‘लोकांना मदत केली’ याला उणे द्यायला हात धजत नाही. वही कोणाला दाखवायची नाही असं आधीच ठरवलं तर हे कमी होतं.

१४ दिवसांनी ४० च्या आसपास नोंदी जमतात. त्या कापून, एकेक चिठ्ठी करून, टेबलावर क्रियापदांप्रमाणे ढीग लावायचे. समजावणं, जुळवणं, दुरुस्त करणं, मन वळवणं, वाट पाहणं, तपासणं, मांडणं. मग प्रत्येक ढिगात आकडे पाहायचे. बहुतेकांना इथे पहिला धक्का बसतो तो ढिगांच्या आत. ‘समजावणं’ या एकाच ढिगात अधिक २ आणि उणे २ शेजारी शेजारी पडलेले असतात. तेव्हा उरलेले रकाने पाहावेत. एकाला समजावताना अधिक आणि दहा जणांना समजावताना उणे. किंवा समोरच्याने स्वतःहून विचारलं तेव्हा अधिक, आणि त्याला ऐकायचंच नव्हतं तेव्हा उणे. म्हणजे क्रियापदाला ‘कोणाला, किती वेळ, कोणाच्या गतीने’ ही शेपूट लावल्याशिवाय ते पुरं होत नाही. शिक्षकी पेशा आणि एकेकाला शिकवण्याचं काम यांत हाच फरक आहे.

दोन सावधगिऱ्या. थकवा म्हणजे नावड नव्हे. झोप कमी झालेल्या दिवसाच्या नोंदींवर खूण करून त्या बाजूला ठेवाव्यात. आणि माणूस व काम यांची गल्लत होते. साहेब सतत टोचून बोलणारा असेल तर त्याच्यासमोर केलेलं प्रत्येक काम उणे दिसतं. तो रजेवर असताना तेच काम कसं वाटलं, हे पाहिलं की उलगडा होतो. अनेक जण क्षेत्र बदलायला निघतात आणि वही पाहून कळतं की फक्त खातं बदललं तरी पुरे होतं.

वहीची मर्यादाही आहे: सध्याच्या दिवसात जे क्रियापद येतच नाही, ते तिला दिसत नाही. म्हणून एक जोडकाम करावं. आयुष्यातले असे सात प्रसंग निवडायचे ज्यांत काहीतरी नीट जमलं आणि करतानाही बरं वाटलं. निदान तीन प्रसंग नोकरी किंवा अभ्यासाच्या बाहेरचे हवेत, निदान दोन १५ वर्षांच्या वयाआधीचे. प्रत्येकावर आठ-दहा ओळी लिहायच्या; बक्षीस किंवा कौतुक याबद्दल एकही ओळ नको, फक्त काय केलं ते. सातांपैकी चार-पाच प्रसंगांत एखादं क्रियापद पुन्हा पुन्हा येतं. सहल ठरवणं, नाटकाच्या तालमींचं वेळापत्रक बांधणं, अडगळीची खोली लावणं, या सगळ्यांत ‘विस्कटलेलं नीट लावणं’ एकच असतं. लिहिणाऱ्याला ते इतकं नेहमीचं वाटतं की तो ते कौशल्य म्हणून मोजतच नाही. म्हणून हे सात कागद दुसऱ्या कोणाला वाचायला द्यावेत आणि क्रियापदांखाली रेघा त्याला मारू द्याव्यात.

यानंतर आवड आणि स्वभाव मोजणाऱ्या चाचण्यांकडे वळावं. आधी चाचणी दिली की तिच्या शब्दांतच वही भरली जाते.

माणसाला कोणतं काम जुळेल ते शोधण्याच्या या शास्त्राला फार जुना इतिहास नाही. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली बॉस्टनमध्ये व्यवसाय-मार्गदर्शनाचं केंद्र उघडलं आणि स्वतःची ओळख, कामांची ओळख आणि या दोहोंची विचारपूर्वक सांगड, अशी तीन पायऱ्यांची रीत घालून दिली. १९२७ मध्ये स्टॅनफर्डच्या एडवर्ड स्ट्राँग यांनी आवडीची प्रश्नावली काढली. तिची कल्पना साधी होती: एखाद्या व्यवसायात टिकलेल्या लोकांच्या आवडीनिवडी तुमच्याशी किती जुळतात ते पाहायचं. जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये जी मांडणी केली तिच्यातले सहा प्रकार आज जवळजवळ प्रत्येक चाचणीच्या पोटात असतात. हाताने आणि यंत्राने काम करणारा, शोधक, कलात्मक, माणसांत रमणारा, पुढाकार घेऊन मन वळवणारा, आणि नोंदी-नियमांत चोख असणारा. हे सहा एका षटकोनाच्या कोपऱ्यांवर मांडतात. शेजारचे प्रकार एकमेकांच्या जवळचे, समोरासमोरचे सगळ्यात दूरचे. शोधक आणि मन वळवणारा समोरासमोर येतात, कलात्मक आणि नोंदींत चोख समोरासमोर येतात.

फुकट आणि भरवशाची चाचणी हवी असेल तर अमेरिकेच्या कामगार खात्याने चालवलेल्या ओ-नेट या माहितीसाठ्याची आवडीची प्रश्नावली पुरेशी आहे. तिच्या लहान रूपात ६० प्रश्न आहेत आणि प्रत्येक प्रश्न एका कामाबद्दल आहे. भरताना दोन चुका होतात. ‘हे मला जमेल का’ किंवा ‘यात पैसा आहे का’ याचं उत्तर दिलं जातं. प्रश्न ‘करायला आवडेल का’ एवढाच असतो. आणि ‘सांगता येत नाही’ हा मधला पर्याय फार वापरला की सगळे गुण सपाट येतात. निकालात पहिला प्रकार कोणता यापेक्षा पहिल्या आणि चौथ्या प्रकाराच्या गुणांत अंतर किती, हे पाहावं. अंतर थोडं असेल तर त्या प्रकारांच्या क्रमावर भार टाकू नये. समोरासमोरचे दोन प्रकार वर आले तर गोंधळ झाला असं समजायचं कारण नाही. अशा माणसाला एका नोकरीत दोन्ही मिळणं अवघड जातं, तेव्हा एक कामात आणि एक कामाबाहेर अशी वाटणी त्याला करावी लागते, इतकंच.

ओ-नेटचा खरा उपयोग मात्र चाचणीपेक्षा पुढचा आहे. त्यात शेकडो व्यवसायांची कामं क्रियापदांनीच लिहिलेली आहेत. तपशील अमेरिकेतल्या कामांचे आहेत, पण हिशेब तपासणारा किंवा नकाशे काढणारा दिवसभर काय करतो हे देशागणिक फार बदलत नाही. आपल्या वहीतले अधिकचे ढीग घेऊन या याद्या वाचल्या की कधी मनात न आलेले व्यवसाय समोर येतात.

स्वभावाच्या चाचण्यांबद्दल जरा स्पष्ट बोलायला हवं. चार अक्षरांत माणूस बसवणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी लोकप्रिय आहे, पण ती प्रत्येक गुणाला मधोमध कापते. मधल्या रेषेच्या एका बाजूला जरासा असलेला माणूस पुन्हा चाचणी देताना सहज दुसऱ्या बाजूला जातो आणि त्याचं ‘व्यक्तिमत्त्व’ महिन्याभरात बदलतं. कामगिरीचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही. मानसशास्त्रज्ञ वापरतात ती पाच गुणांची मोजपट्टी: नव्याची ओढ, शिस्त, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि भावनिक अस्थैर्य. ती माणसाला साच्यात घालत नाही, कमी-जास्त सांगते. तरी तिच्यावरून क्षेत्र निवडू नये. कामाची परिस्थिती ठरवायला ती वापरावी. अंतर्मुख माणूस उत्तम शिकवू शकतो, फक्त लागोपाठ चार तासिका आणि मग पालकसभा असं वेळापत्रक त्याला मोडून टाकतं. अस्थैर्याचा गुण जास्त असणाऱ्याने पगार महिन्याला ठरलेला आहे की कामागणिक, याचा विचार इतरांपेक्षा आधी करावा.

‘आवडी बदलतात, मग आज मोजून काय उपयोग?’ असं तरुण मुलं विचारतात. दीर्घकाळाच्या अभ्यासांचा २००५ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा १२ ते ४० या वयांत आवडी बऱ्याच स्थिर राहतात, आणि १८ ते २२ या वयात ही स्थिरता लक्षणीय वाढते, असं दिसलं. तेव्हा अगदी लहान वयातला निकाल सैल धरावा, विशीनंतरचा जरा घट्ट.

पण दुसऱ्या टोकाला जाऊनही चालत नाही. आवड जुळली की समाधान आलंच, ही समजूत पुराव्याला उतरत नाही. २०२० मध्ये झालेल्या एका मोठ्या आढाव्यात आवडीची जुळणी आणि कामातलं समाधान यांचा सहसंबंध ०.१९ निघाला (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पुरता). शून्य नाही, पण ज्याच्यावर सगळं आयुष्य टांगावं इतका खचितच नाही. उरलेलं कुठून येतं? रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात कामाचे पाच गुण मांडले, ते आम्हाला सगळ्यात उपयोगी वाटले. निरनिराळी कौशल्यं लागतात का. कामाचा तुकडा मिळतो की सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्या हातून होतं. त्याने कोणाला फरक पडतो का. कसं करायचं ते आपण ठरवतो का. आणि बरं झालं की वाईट हे कामातूनच कळतं का. एकाच हुद्द्याच्या दोन नोकऱ्यांत हे पाच गुण जमीन-अस्मानाइतके वेगळे असू शकतात. म्हणून ‘कोणतं क्षेत्र’ यात वर्षभर गुंतून पडलेला माणूस ‘कोणत्या प्रकारची जागा’ हा निम्म्याहून मोठा प्रश्न विसरून जातो.

पैसा, ठिकाण, वेळ, शरीराला झेपणं. या अटी लिहून काढायला अर्धा तास पुरतो, पण त्या लिहायलाच हव्यात. नाहीतर त्या शेवटच्या दिवशी उगवतात आणि चार महिन्यांचं काम पाण्यात जातं. प्रत्येक अटीपुढे आकडा हवा. ‘बऱ्यापैकी पगार’ ही अट नव्हे. मूल्यांची यादी मात्र फसवी असते, कारण स्वातंत्र्य, सुरक्षितता, सेवा, आव्हान हे सगळ्यांनाच हवं असतं. एडगर शाईन यांनी याला जहाजाच्या नांगराची उपमा दिली: माणूस दूर वाहवत गेला की ज्याच्याकडे ओढला जातो तो नांगर. असे आठ नांगर त्यांनी सांगितले. आपला कोणता ते ओळखण्याची सोपी कसोटी अशी की, आजवर एखादी गोष्ट राखण्यासाठी आपण प्रत्यक्षात काय सोडलं, ते लिहावं. ज्याने बढती नाकारून गाव सोडलं नाही, त्याचा नांगर कुटुंब आणि कामाचा मेळ हा आहे, मग यादीत त्याने पहिल्या क्रमांकावर ‘आव्हान’ लिहिलेलं का असेना. ज्यासाठी कधी किंमत मोजली नाही ते मूल्य तूर्त कंसात ठेवावं.

आता यादी करायची. ढीग, सात प्रसंग, चाचणी आणि अटी समोर ठेवून १५ व्यवसाय लिहावेत. त्यांतले पाच ओळखीचे, पाच शेजारचे, पाच आधी कधी विचारातही न आलेले. अटींनी पाच-सहा गळतात. उरलेल्यांच्या कामांच्या याद्या काढून प्रत्येक कामापुढे वहीतला आकडा टाकायचा. ज्यात रोजच्या कामांपैकी निम्म्याहून जास्त उणे दिसतील तो व्यवसाय कितीही झळझळीत असला तरी काढून टाकायचा. तीन उरवायचे. एकच उरवला तर पुढच्या पायऱ्यांवर माणूस त्याची वकिली करायला लागतो.

डोंगर दुरून साजरे दिसतात, म्हणून पुढची पायरी माणसांना भेटण्याची. प्रत्येक व्यवसायातले तीन जण: दोन-तीन वर्षं झालेला एक, दहा वर्षं टिकलेला एक, आणि सोडून गेलेला एक. तिसरा शोधणं अवघड असतं आणि त्याच्याकडूनच सगळ्यात जास्त कळतं. टिकलेल्यांनाच विचारलं तर ज्यांना मानवलं नाही ते आपल्या चित्रात येतच नाहीत. माणसं शोधताना जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या लोकांना विचारावं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या प्रसिद्ध लेखात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांची ती ओळख अधूनमधून भेटणाऱ्या माणसाची होती, आणि चौथ्या हिश्श्याहून जास्त जणांची क्वचितच भेटणाऱ्याची. जवळच्या माणसांना बहुधा आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं.

निरोप चार ओळींचा असावा: मी कोण, तुमचं नाव कोणाकडून कळलं, तुमच्या रोजच्या कामाबद्दल २० मिनिटं विचारायचं आहे, नोकरी मागत नाही. शेवटची ओळ खरी असली पाहिजे. गप्पा रंगल्यावर ‘तुमच्याकडे काही जागा आहे का’ असं विचारलं की समोरचा आवरतं घेतो आणि पुढचं सगळं सावध बोलतो. ‘तुम्हाला काम आवडतं का’ हा प्रश्नही निरुपयोगी. त्याला सगळे हो म्हणतात किंवा सगळे तक्रार करतात. त्याऐवजी विचारावं: गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंत? त्यातलं कोणतं काम दुसऱ्या कोणी केलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं? नवा माणूस सोडून जातो तो साधारण केव्हा आणि कशाला कंटाळून? तुमच्या कामात ‘बरं झालं’ हे तुम्हाला कधी आणि कोणाकडून कळतं? शेवटी, आणखी कोणाशी बोलू? उठल्यावर दहा मिनिटांच्या आत क्रियापदं लिहून काढावीत, कारण संध्याकाळपर्यंत फक्त ‘माणूस छान होता’ एवढंच आठवतं, आणि छान माणसाचा व्यवसायही छान वाटू लागतो.

नऊ भेटींनंतर तीनपैकी एक व्यवसाय आपोआप गळतो. उरलेल्या दोनांची चव घ्यायची, आणि आमच्या मते सगळ्या पद्धतीचा जीव इथे आहे.

चव तीन मापांची. आधी दोन तासांची: त्या कामाचा सगळ्यात लहान खरा तुकडा घरी करून पाहणं. भाषांतर करायचं असेल तर करारपत्राची दोन पानं, कवितेची नव्हे. प्रोग्रामिंग असेल तर दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमधली चूक शोधणं. दिवसातला बराच वेळ तिथेच जातो. संपादन असेल तर कंटाळवाण्या लेखाची हजार शब्दांची छाटणी. मग दोन दिवसांची: त्या व्यवसायातल्या एखाद्या माणसाबरोबर त्याच्या कामावर सावलीसारखं राहणं. पहिला दिवस सगळे पाहुण्यासारखं वागवतात आणि चांगलं तेवढं दाखवतात. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर खरं काम दिसायला लागतं. म्हणून दोन. आणि शेवटी ३० ते ४० तासांची: एक पुरं काम, खऱ्या माणसासाठी, ठरलेल्या तारखेला द्यायचं, आणि नाक मुरडण्याचा हक्क असलेल्या कोणाकडून तपासून घ्यायचं. या चार गोष्टींपैकी एक जरी गाळली तरी तो छंद होतो.

इथे सगळ्यात मोठी फसवणूक अभ्यासक्रमांची आहे. माणूस तीन महिन्यांचा वर्ग लावतो, तो आवडतो, लगेच पुढचा लावतो आणि आपण दिशेला लागलो असं समजतो. वर्गात कोणीतरी काम पायरीपायरीने मांडून दिलेलं असतं, प्रत्येक पायरीनंतर शाबासकी असते, आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहे याची खात्री असते. प्रत्यक्ष कामात यातलं काहीच नसतं. शिकण्याची आवड ही स्वतंत्र आवड आहे. ती जबर असलेल्या माणसाला कोणताही विषय सहा महिने मानवतो. अशांनी वर्ग लावण्याआधी ४० तासांची चव घ्यावी. आधी काहीच येत नसेल तर चव घेण्यापुरतं शिकून घ्यावं.

सुरुवातीला हात अवघडलेले असतात, त्यामुळे पहिल्या दहा-बारा तासांतले आकडे उणेच येतात. तो अनाडीपणाचा कंटाळा की न मानवण्याचा, हे कसं ओळखायचं? अनाडीपणाच्या कंटाळ्यात राग स्वतःच्या हाताचा येतो, काम सोडल्यावरही डोकं त्यातच राहतं, आणि एखादी छोटी गोष्ट जमली की लगेच पुन्हा करून पाहावीशी वाटते. न मानवण्यात काम बरं जमत असतानाच घड्याळाकडे लक्ष जातं, कौतुक झालं तरी ‘संपलं एकदाचं’ एवढंच वाटतं. कौतुकानंतरची ही प्रतिक्रिया आम्हाला सगळ्यात बोलकी वाटते. उलटही खरं आहे: बाहेरून कोरडं दिसलेलं काम विसाव्या-पंचविसाव्या तासाला पकड घेऊ शकतं. आवड कुठेतरी तयार दडलेली आहे आणि ती फक्त सापडायची आहे असं मानणारे लोक अडचण आली की लवकर सोडतात, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून किती तास करणार आणि काय दिसलं तर थांबणार, हे चव घेण्याआधी कागदावर लिहून तारीख टाकावी. मध्येच निकष बदलण्याचा मोह फार होतो.

निवडीच्या वेळी गुणांचा तक्ता करायला हरकत नाही. उभे पर्याय, आडवे निकष, प्रत्येक निकषाला वजन, शेवटी बेरीज. बेरजेला फार मान देऊ नये. बेरीज पाहून मनात ‘अरेरे’ आलं की ‘चला’ आलं, तेवढ्यासाठी तो करायचा. अरेरे आलं असेल तर कोणता निकष तक्त्यात लिहायचा राहिला ते शोधावं. बहुधा तो लाजेपोटी राहिलेला असतो: प्रतिष्ठा, किंवा घरच्यांचा होकार. लिहून टाकावा. तो आहेच, तर हिशेबात असलेला बरा.

मग बदल किती मोठा करायचा ते. सगळ्यात लहान बदल आहे त्याच जागी काम वळवून घेण्याचा. एमी रेझनेस्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये त्याचं वर्णन केलं: कोणती कामं वाढवायची किंवा कमी करायची, कोणाबरोबर करायची, आणि कामाकडे कशा नजरेने पाहायचं, या तीन बाजूंनी माणूस आपली नोकरी हळूहळू घडवतो. वहीतलं एक उणे २ चं काम कोणाशी तरी बदलून घेणं इथपासून सुरुवात होते, आणि आश्चर्य म्हणजे आपलं उणे २ शेजाऱ्याचं अधिक १ असतं. त्याने भागत नसेल तर शेजारची उडी: काम तेच ठेवून क्षेत्र बदलायचं, किंवा क्षेत्र तेच ठेवून काम बदलायचं. दोन्ही एकदम बदलली की जुना अनुभव कोणाला दिसतच नाही आणि सुरुवात तळापासून होते. तसं करायचंच असेल तर किती महिने कमाईविना निघतील याचा अंदाज करून त्याला दीडने गुणावं. काम मिळायला आणि पहिलं पुरेसं उत्पन्न यायला जो वेळ धरलेला असतो तो जवळजवळ नेहमीच कमी धरलेला असतो.

नव्या जागी रुजू होण्याआधी हॅकमन-ओल्डहॅम यांच्या कामाच्या पाच गुणांबद्दल प्रश्न विचारून घ्यावेत. मुलाखतीत ‘स्वातंत्र्य आहे का’ असं विचारलं तर उत्तर हो येणारच. ‘गेल्या महिन्यात या जागेवरच्या माणसाने कोणाला न विचारता कोणते निर्णय घेतले?’ असं विचारावं. उत्तर द्यायला समोरच्याला आठवावं लागलं, तर तेच उत्तर.

रुजू झाल्यावर वही लगेच उघडू नये. पहिले सहा आठवडे सगळंच नवं असतं, सगळ्याच गोष्टींनी दमायला होतं. बाराव्या आठवड्यात पुन्हा १४ दिवसांच्या नोंदी कराव्यात आणि जुन्या ढिगांशेजारी नवे ढीग लावावेत. उणे आलेली क्रियापदं बहुतेक ‘विचारणं, शोधणं, पुन्हा करणं’ अशी असतील तर तो नवखेपणा आहे, सरेल. चव घेताना अधिक आलेली क्रियापदं इथे वहीत येतच नसतील, तर काम नव्हे, जागा चुकली आहे. आधी साहेबांशी कामाच्या वाटणीबद्दल बोलावं. गतीचा रकाना मात्र या वेळी वाचूच नये. नव्या माणसाची गती दुसरेच ठरवतात, आणि तो रकाना सगळ्यात शेवटी बदलतो. तो वर्षाने पाहावा.